पालकास नत्र द्यावे

॥ श्री ॥

शनिवार पेठ, पुणे
६ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सुहासचा कृ. सा. न. वि. वि.

तुझी बिबवेवाडी आणि माझी शनिवार पेठ मिळून एकच शहर म्हणतात, तरी पत्र लिहायची वेळ माझ्यावर का येते ते तुला ठाऊक आहे. कानाचं यंत्र तू टेबलाच्या खणात ठेवतोस. व्हॉट्सॲप उघडत नाहीस. वहिनींना फोनवर सांगावं तर त्या ते तुझ्या कानात ओरडतात, तू अर्धं ऐकतोस आणि उरलेलं स्वतःच्या मनानं भरतोस. पाडव्याला मी दुपारी येते म्हणाले होते, तर तू सगळ्या नातेवाइकांना मी दुबईला गेले म्हणून सांगितलंस. अजून लोक मला खजूर मागतात. तेव्हा पत्रच बरं.

काम असं आहे. सातवीला खतं आणि झाडांची वाढ शिकवते आहे. पुस्तकातलं पान मुलं घडाघडा म्हणून दाखवतात: नायट्रोजनमुळे पानं हिरवी होतात, कमी पडला की पिवळी पडतात. म्हणतात, पण विश्वास कोणाचाच नाही. साई नावाचा एक आगाऊ मुलगा आहे. त्यानं परवा भर वर्गात विचारलं की हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन आहे, झाड त्यात चोवीस तास उभं आहे, मग आणखी खत कशाला. मी उद्या सांगते म्हटलं. ते उद्या चार दिवस चाललंय.

म्हणून गच्चीवर चोवीस कुंड्या मांडायचं ठरवलंय, आठ-आठच्या तीन रांगा. मेथी पेरायची. एका रांगेला काही नाही, दुसरीला युरिया, तिसरीला दुप्पट युरिया. कधी आणि कसा द्यायचा याचा छोटा तक्ता तू लिहून दे. चौतीस वर्षं माती तपासण्यात घालवलीस, एवढं तर करशील.

हा प्रयोग मी आमच्या ऋषी सरांच्या नावावर करते आहे. वाघोलीचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं राबतोय. जानेवारीत त्याला कायम करायचं की नाही याचा अहवाल आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, संस्थेकडे पाठवणार. हा प्रयोग नीट पार पडला तर अहवालात चांगलं लिहीन, असं त्या माझ्याजवळ बोलल्या आहेत. मुलगा गुणी आहे, फक्त भिडस्त फार.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो तक्त्यासकट पोचावा ही विनंती.

तुझी
सुहास

*

॥ श्री ॥

बिबवेवाडी, पुणे
१२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सुहास हिस,
श्यामसुंदरचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चौथ्या दिवशी पोचलं. हातात घेऊन चालत आली असतीस तर दीड तासात पोचलं असतं, वर चहाही मिळाला असता.

मेथी बाद. तू विज्ञान शिकवतेस हे बाहेर कोणाला सांगू नकोस. मेथी द्विदल आहे. तिच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र, म्हणजे तुझ्या पुस्तकातला नायट्रोजन, पकडून तिला आयतं देतात. तिला खत दिलंस काय आणि न दिलंस काय, डोळ्यांना फरक दिसायचा नाही, आणि तुझी मुलं युरिया ही एक अफवा आहे असं वहीत लिहून मोकळी होतील. पालक घे. पालक अधाशी असतो, त्याला नत्र कमी पडलं की लगेच तोंड उतरतं.

तुझ्या साईला सांग की हवेतलं नत्र झाडाला घेता येत नाही. त्याच्या दोन अणूंची मिठी इतकी घट्ट असते की ती झाडाच्यानं सुटत नाही. कारखान्यात किंवा जिवाणूंनी ती सोडवून दिली, तरच मुळांना उपयोग. मुलगा आगाऊ नाही. तुझ्या वर्गात एकच माणूस विचार करतो आहे आणि तो तू नाहीस.

मुलांना खालची पानं बघायला लाव. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. तिसऱ्या रांगेत जास्त झाल्यामुळे पानांच्या कडा करपतील, तेही पाहू दे. खत भाजतं हे कळलं पाहिजे.

दुसरं, युरिया युरिया काय चाललंय? युरिया ही पिशवी झाली. झाडाला पाहिजे असतं ते नत्र. मी चौतीस वर्षं नत्र, स्फुरद, पालाश असंच लिहिलं, आता युरिया लिहायला मी काय दुकान टाकलंय? तक्ता वेगळ्या कागदावर देत आहे. मजकूर असा आहे:

पहिल्या रांगेतील पालकास काहीही देऊ नये. दुसऱ्या रांगेतील पालकास दर सोमवारी नत्र द्यावे. तिसऱ्या रांगेतील पालकास त्याच्या दुप्पट द्यावे. दर शुक्रवारी पालकाची स्थिती नोंदवावी.

किती विरघळवायचं ते या पत्राच्या पाठीमागे तुझ्यापुरतं लिहिलंय. ते द्रावण तू स्वतः कर, मुलांच्या हाती पिशवी देऊ नकोस. तक्त्यात एका शब्दाचा बदल करू नये. शंका असल्यास पुन्हा वाचावा.

तुझ्या वहिनीचे आशीर्वाद. माया आहे तशीच आहे, वाढवायला खत लागत नाही.

श्यामसुंदर

*

॥ श्री ॥

शनिवार पेठ, पुणे
२२ डिसेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वर नमस्कार केलाय तो रीत म्हणून. मनातून मी तुझ्यावर इतकी भडकले आहे की तू समोर असतास तर यंत्राशिवाय ऐकू आलं असतं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे पालक पेरला. गेल्या महिन्याच्या एकोणीस तारखेला मला मतदारयाद्यांच्या कामाचा आदेश आला, दुसऱ्याच दिवशी हजर व्हा म्हणून. महिनाभर मी लोकांचे जिने चढत होते. निघायच्या गडबडीत तुझा कागद ऋषीच्या खणात ठेवला आणि वर चिठ्ठी लावली की सगळं दादांच्या कागदाबरहुकूम कर, एका शब्दाचाही फरक नको, दादांना शंका विचारलेल्या आवडत नाहीत. खताचं द्रावण बाटलीत करून कपाटात ठेवलं आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये राहिली. ही चूक माझी. ती मी आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे तुझी येते आहे.

अठरा तारखेला परत आले तर मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर पालकांची ही गर्दी. पालक म्हणजे आईबाप. हे मला आता फोड करून लिहावं लागतंय, यातच काय ते समज.

दादा, तुझ्या कागदावर नत्र लिहिलेलं नाही. तू लिहिलं असशील, पण तिथे दिसत नाही. तू न चा गोळा वर नेऊन थेट शिरोरेषेला भिडवतोस, त्याचा चांगला ठसठशीत प होतो. मी वाचला, शाळेतल्या मावशींनी वाचला, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं वाचला. सगळ्यांनी पत्र वाचलं. आता तुझा तक्ता तू स्वतः म्हणून बघ: दुसऱ्या रांगेतील पालकास दर सोमवारी पत्र द्यावे. तिसऱ्या रांगेतील पालकास त्याच्या दुप्पट द्यावे.

आमच्या वर्गात बाकांच्याही तीनच रांगा आहेत. प्रत्येक रांगेत दहा मुलं.

बिचाऱ्यानं चार आठवड्यांत एकशेवीस पत्रं लिहिली! दुसऱ्या रांगेतल्या आईबापांना दर सोमवारी एक, तिसऱ्या रांगेतल्यांना सोमवारी एक आणि गुरुवारी एक. पहिल्या रांगेला काहीही देऊ नये म्हटलंय, म्हणून काही नाही. पत्रात काय लिहायचं ते कागदावर नव्हतं, म्हणून त्यानं ज्याच्या त्याच्या मुलाबद्दल लिहिलं. दुसऱ्या रांगेला बरं लिहिलंय. संस्कृतीच्या आईला कळवलं की आज तिनं अपूर्णांकाचं गणित फळ्यावर न घाबरता सोडवलं. बाई ते पत्र फ्रिजवर लावून बसली आहे. पण तिसऱ्या रांगेबद्दल आठवड्यातून दोनदा नवीन काय लिहिणार? तिसऱ्या आठवड्यात त्याच्याजवळचं सगळं संपलं. मैत्रीच्या घरी पत्र गेलं की तिच्या डाव्या बुटाची नाडी वारंवार सुटलेली आढळते. साईच्या घरी गेलं की तो डबा खाताना बोलतो आणि बोलताना डबा खातो. साईचे वडील रविराज वकील आहेत. माझ्या मुलावर पाळत का ठेवता, असा तीन पानी लेखी अर्ज त्यांनी दिलाय आणि बाकी नऊ घरांच्या त्यावर सह्या घेतल्यात. पहिल्या रांगेतल्या आया वेगळ्याच आल्या होत्या. आमच्या मुलांनी काय घोडं मारलंय, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखी एक ओळही नाही का, म्हणून एक जण रडली.

दर शुक्रवारी त्यानं पालकांची स्थिती वहीत नोंदवली आहे. सुंदर अक्षर, आखलेले रकाने. पहिली रांग, खिन्न. दुसरी रांग, टवटवीत. तिसरी रांग, संतप्त.

त्यानं मला विचारलं नाही असंही नाही. पहिल्याच आठवड्यात फोन आला होता. मी एका सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, दम लागलेला. त्यानं विचारलं की पालकांचं कागदात लिहिल्याप्रमाणेच करू ना. मी म्हटलं हो रे बाबा, अगदी तसंच कर आणि सोमवार चुकवू नकोस. पालकाचं म्हणाला की पालकांचं म्हणाला, तो अनुस्वार मला त्या जिन्यात कुठून ऐकू येणार?

वर गच्चीवर चोवीस कुंड्यांना नुसतं पाणी घातलं गेलं. सगळा पालक पिवळा पडलाय, खालून वर, तू सांगितलास तसाच.

मोठ्या बाईंनी ऋषीकडून लेखी खुलासा मागितलाय. बारा जानेवारीला अहवाल संस्थेकडे जाणार आणि ज्याला भाजी आणि आईबाप यांतला फरक कळत नाही त्याला कायम करण्याची शिफारस आपण करणार नाही, असं त्या मला सरळ म्हणाल्या. दादा, त्याच्या तीन वर्षांचा प्रश्न आहे. शब्द नत्र होता, अक्षर तुझं होतं, एवढ्या दोन ओळी मोठ्या बाईंच्या नावे लिहून पाठव. कागदाची झेरॉक्स सोबत जोडली आहे, चष्मा लावून बघ.

राग असूनही लोभ आहे, याचाच मला जास्त राग येतो.

सुहास

*

॥ श्री ॥

बिबवेवाडी, पुणे
२६ डिसेंबर २०२५

चि. सौ. सुहास हिस,
आशीर्वाद.

पत्र वाचून मी इतका हसलो की तुझी वहिनी पाणी घेऊन आली. तुझ्या सरांचा प्रयोग फसलेला नाही. काही न दिलेला पालक निस्तेज, बेताचं दिलेला टवटवीत, दुप्पट दिलेला करपला. चौतीस वर्षांत इतका स्वच्छ निष्कर्ष मला एकदाही मिळाला नव्हता. वही जपून ठेव.

आता तुझ्या आरोपाकडे वळतो. झेरॉक्स पाहिली. मला तिथे नत्र दिसतं. न असा असतो. तुमच्या पिढीला संगणकाचे छापील न बघायची सवय लागली, त्याला मी काय करू? चौतीस वर्षं माझ्या हातचे कागद खात्यात फिरले, साहेबांनी वाचले, कारकुनांनी वाचले. शिवाय मुद्दा अक्षराचा नाहीच. विज्ञानाचा पदवीधर, त्यातून वाघोलीसारख्या शेतीच्या गावचा, आणि नत्र हा शब्द माहीत नाही? गच्चीवर पालकाच्या चोवीस कुंड्या दिसत असताना हा माणूस बाकांवरचा पालक शोधत बसला. याला भिडस्तपणा म्हणत नाहीत, दुसरा शब्द आहे, तो आशीर्वादाच्या पत्रात लिहीत नाही.

मोठ्या बाईंना मी काहीही लिहिणार नाही. जे मी लिहिलं नाही ते लिहिलं असं कबूल करण्याचं माझं वय नाही.

पिवळ्या कुंड्या फेकू नकोस. त्या आता सगळ्या उपाशी आहेत, म्हणजे सगळ्या सारख्या आहेत. त्यांच्याच पुन्हा तीन रांगा कर आणि द्रावण दे. आठ-दहा दिवसांत नवी पानं हिरवी येतील. कपाटाची किल्ली मात्र शाळेत ठेव.

वहिनीनं तिळाच्या वड्या केल्यात, पोस्टानं पाठवता येत नाहीत. माया कमी नाही, पण सही मिळणार नाही.

श्यामसुंदर

*

॥ श्री ॥

शनिवार पेठ, पुणे
३१ डिसेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हसलास ना? हस. तुझी नोकरी संपून दहा वर्षं झाली, तुझं कोण काय वाकडं करणार?

मी मेथी म्हणत होते आणि युरिया म्हणत होते. मेथीस युरिया द्यावा, असं लिहिलं असतंस तर कितीही किरटं लिहिलं असतंस तरी त्यात कोणाचे आईबाप सापडले नसते. तुझ्या दोन सुधारणा होत्या, मेथीचा पालक आणि युरियाचं नत्र, आणि त्या दोन्हींनी मिळून माझ्या वर्गाचं वाटोळं केलं. शास्त्र तुझं बरोबर होतं, ते मी कुठे नाही म्हणते? तुझं शास्त्र नेहमीच बरोबर असतं, आणि ते निस्तरायला नेहमी दुसरंच कोणीतरी लागतं.

आणि वाघोलीचं म्हणशील तर ऋषीनं घरी आजीला विचारलं. मुक्ताबाई त्यांचं नाव, जन्म शेतात गेला, आता त्यांच्या शेतावर बारा मजले उभे आहेत. त्या म्हणाल्या की आमी जलमभर युरियाच टाकला बाबा, नत्र कोन म्हंतंय, आन ते कुठं मिळतंय. नत्र फक्त तू आणि तुझं खातं म्हणत होतं.

कुंड्यांच्या पुन्हा तीन रांगा केल्या. ऋषीनंच केल्या, मुलांना घेऊन, आणि साईच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या पत्रातून वाचून दाखवलं. दोन अणूंच्या मिठीला पोरं खिदळली, पण कळलं सगळ्यांना. साईनं लगेच दोन मुलांना एकमेकांचे हात घट्ट धरून उभं केलं आणि स्वतः जिवाणू झाला.

आता मुख्य गोष्ट. ऋषीनं काल मोठ्या बाईंना लेखी खुलासा दिला. देण्याआधी मला वाचायला दिला. मी त्याला शंभरदा सांगितलं होतं की अक्षर दादांचं वाईट आहे हे स्पष्ट लिही, झेरॉक्स जोड. त्यानं काय लिहावं? सरांचे अक्षर स्वच्छ आहे, वाचण्यात माझीच नजर चुकली, मी क्षमा मागतो. झालं! एवढंच! मी त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला की बाई, एवढ्या मोठ्या माणसानं मला मदत म्हणून लिहून दिलं, त्यांचं नाव कशाला मध्ये आणायचं. मी कपाळावर हात मारून घेतला. त्याला घरी पाठवलं आणि शिक्षकांच्या खोलीत एकटी बसून रडले. या वयात, शाळेत, भर दुपारी.

आता तू लिही नाहीतर नको लिहूस. मी पुन्हा मागणार नाही. वहिनींना नमस्कार.

सुहास

*

॥ श्री ॥

बिबवेवाडी, पुणे
४ जानेवारी २०२६

चि. सौ. सुहास हिस,
आशीर्वाद.

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहीत आहे. वाचायला त्रास झाला तर सावकाश वाच, मला या खेपेला शंका विचारलेल्या चालतील.

तुझ्या सरांचा खुलासा तू पत्रात उतरवलास. सरांचे अक्षर स्वच्छ आहे, माझीच नजर चुकली. सुहास, हे वाक्य मी आधी ऐकलंय. थोडंफार नव्हे, हेच. चौतीस वर्षं झाली.

एक्क्याण्णव साली आमच्या प्रयोगशाळेत रतन नावाचा मुलगा होता. रोजंदारीवर, तेवीसएक वर्षांचा. मी लिहिलेल्या शिफारशी तो शेतकऱ्यांच्या कार्डांवर टाइप करायचा. एका बाईंच्या कांद्याच्या रोपांसाठी मी गुंठ्याला एक किलो नत्र लिहिलं होतं. एकचा आकडा माझ्या हातून कसा पडतो ते तुला माहीत आहे, लहानपणी तू माझ्या गणिताच्या वहीला हसायचीस. रतननं तो नऊ वाचला. सगळं रोप जळालं. त्या बाई ते रोप घेऊन कचेरीत आल्या, पांढरं पडलेलं, टेबलावर ठेवलं आणि निघून गेल्या.

चौकशी लागली. साहेबांनी माझ्यादेखत रतनला विचारलं. तो म्हणाला की सरांचं अक्षर स्वच्छ आहे, माझीच नजर चुकली. मूळ कागद माझ्या खणात होता. मी तो फाडला नाही, पण दाखवलाही नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. शनिवारी रतनला कमी केलं. जाताना तो मला नमस्कार करून गेला. तो पुढे कुठे गेला, त्याचं काय झालं, मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.

हे तुझ्या वहिनीलाही ठाऊक नव्हतं, काल सांगितलं. मला लाज वाटते. तेव्हाही वाटली होती. पण तेव्हा नोकरी होती, पोरं लहान होती, कारणं भरपूर होती. आता कारण एकही नाही आणि तरीही तुला मी सव्वीस तारखेला तसलं पत्र लिहिलं.

झेरॉक्स पुन्हा पाहिली. तो प आहे.

दोन ओळी पोस्टानं पाठवणार नाही, त्यांना चार दिवस लागतील आणि वाटेत कोणी काय वाचेल याचा भरवसा नाही. मी स्वतः येतो. मोठ्या बाईंची वेळ घेऊन ठेव.

श्यामसुंदर

*

॥ श्री ॥

शनिवार पेठ, पुणे
६ जानेवारी २०२६

ती. दादास,
सुहासचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र आज मिळालं, या खेपेला दोनच दिवसांत, आणि हे मी स्पीड पोस्टानं टाकते आहे. रतनबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही, लिहायला बसले तर काय लिहीन ते मला माहीत नाही. तू मला सांगितलंस हे बरं केलंस.

शुक्रवारी नऊ तारखेला सकाळी अकराची वेळ घेतली आहे. माझं नशीब असं की त्याच दिवशी मला निवडणुकीच्या प्रशिक्षणाला जायचंय आणि दांडी मारली तर नोटीस येते. तू एकटाच ये. रिक्षानं ये, बसचा हट्ट नको. कानाचं यंत्र लावून ये. मोठ्या बाईंना नायट्रोजन शिकवायला जाऊ नकोस. त्यांच्या मराठीतल्या चुका काढू नकोस. ऋषीवर ओरडू नकोस. काय झालं ते त्याच दिवशी लिही, मला वहिनींच्या फोनवरचं अर्धंमुर्धं नकोय.

जीव मुठीत धरून बसलेली,
सुहास

*

॥ श्री ॥

बिबवेवाडी, पुणे
९ जानेवारी २०२६

चि. सौ. सुहास हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ऋषी कायम होतो आहे. शिफारशीवर माझ्यासमोर सही झाली. आता चहा ठेव आणि पुढचं सावकाश वाच.

यंत्र लावून गेलो, त्यामुळे बिबवेवाडीपासून शनिवार पेठेपर्यंतचे सगळे भोंगे ऐकले. तुमचं शहर इतकं ओरडतं हे मला माहीत नव्हतं. मोठ्या बाईंनी बसायला सांगितलं. मी तोंडी सांगायला सुरुवात केली तर त्या म्हणाल्या की संस्थेला तोंडी चालत नाही, लेखी लागतं, कागद देते, इथेच लिहा. मग लिहिलं. कोणी परीक्षेला बसवल्यासारखं, अर्धा तास. शब्द नत्र होता, न माझा होता, तो कोणीही प वाचावा असाच होता, या चुकीशी ऋषी सरांचा संबंध नाही. एवढ्यावर थांबता आलं असतं. मी आणखी एक ओळ लिहिली. ती ओळ लिहिताना प्रत्येक अक्षर सुटं काढलं, पहिलीतल्या मुलासारखं, गोळे जागच्या जागी. साऱ्या कागदात तेवढीच ओळ छापल्यासारखी होती.

बाईंनी कागद घेतला, चष्मा वर केला, खाली केला, दोन ओळींतच कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या की पहिल्याच ओळीपासून काही लागत नाही. माझ्या तोंडावर म्हणाल्या. मी म्हटलं हेच तर लिहिलंय. त्यांना ते लागलं नाही. मग त्यांनीच ऋषीला बोलावलं, की हे अक्षर शाळेत फक्त त्यालाच कळतं.

मुलगा आला, मला वाकून नमस्कार केला, कागद हातात घेतला. आधी मनात वाचत होता, डोळे सरकताना दिसत होते. शेवटाकडे आल्यावर त्यानं एकदा वर माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्यानं वाचायला लागला. सुहास, आपल्याला निर्दोष ठरवणारा कागद त्याला स्वतःलाच वाचावा लागत होता आणि तो इतका संकोचून वाचत होता की जणू कोणाची चोरी पकडून देतोय. शब्द एकही चुकला नाही. न सगळे न वाचले. ऋषी सरांचा संबंध नाही, इथपर्यंत आला आणि थांबला.

बाईंनी टेबलापलीकडून विचारलं की पुढे आणखी एक ओळ दिसते, ती काय आहे. तो म्हणाला की तेवढी ओळ लागत नाही, बाई.

त्याला ती लागली होती. आंधळ्यालासुद्धा लागली असती. बाई म्हणाल्या की राहू दे, एवढं पुरे आहे, आणि त्यांनी शिफारशीचा कागद पुढे ओढून सही केली. काम झालं होतं. मी उठून नमस्कार करून निघू शकत होतो, मला कोणी अडवत नव्हतं. तो कागदाची घडी घालायला लागला होता, आणि माझ्याकडे बघत नव्हता.

मी त्याच्या हातातून कागद घेतला आणि ती ओळ स्वतः मोठ्यानं वाचली. सन १९९१ मध्ये माझ्या अशाच अक्षरामुळे रतन नावाच्या तरुणाची नोकरी गेली, दोष माझा होता, आणि मी गप्प राहिलो.

लोभ ठेव, आणि आज कमी पडला तर मी रागावणार नाही.

तुझा दादा
श्यामसुंदर